तळटीप ११२

माझ्या प्रबंधात, पान दोनशे सहावर, एक तळटीप आहे:
‘सत्त्याहत्तरच्या ऑक्टोबरपासून पत्रकांतला एर्रे सरळ दिसतो.
त्याआधी तो डावीकडे कललेला, एक पाय उचललेला.
यावरून यंत्र बदलले असावे,
आणि कदाचित नेतृत्वही.’

परीक्षकांनी त्या ‘कदाचित’चं कौतुक केलं होतं.

एकवीस वर्षं वाचते आहे मी ही पत्रकं
तुरिनच्या अभिलेखागारात, हातमोजे घालून.
कुठला शब्द किती वेळा:
शत्रू, आठशे चौदा.
कामगार, आठशे नऊ.
आई, एकदाही नाही.
आलेखाला घाम येत नाही,
एवढं त्याचं बरं असतं.

आज ओरेस्ते व्हालीनोच्या स्वयंपाकघरात बसले आहे.
वय एकोणऐंशी. टेबलावर मेणकापड,
त्यावर माझा रेकॉर्डर,
शेजारी त्याच्या गोळ्यांची सात खणांची डबी.

प्रश्न सहावा: संघटनेत येण्याचं कारण.
(अ) विचारसरणी (आ) अन्याय (इ) इतर.
‘विचारसरणी?’ तो म्हणतो,
‘बैठकीत मला झोप यायची.’
मग?
‘मग एल्वियो आला.’

एल्वियो वरच्या मजल्यावरचा.
ओरेस्तेच्या बापाची शवपेटी चार जिने उतरवताना
पुढची बाजू ज्यानं धरली होती, तो.
पिशवी ठेवून म्हणाला, तीन दिवस असू दे.
आत काय आहे, विचारलं नाही तुम्ही?
‘शवपेटी धरलेल्या माणसाला
विचारतं का कुणी?’

तिसऱ्या रात्री मात्र चेन उघडली.
वाटलं होतं पिस्तूल.
निघालं टाइपरायटर.
‘इतका जीव भांड्यात पडला
की हसलोच मी एकटा.’
कागद घातला, बोटं चालवून पाहिली.
एर्रे वाकडा.
चौदाव्या वर्षापासून यंत्रं दुरुस्त करून जेवणारा माणूस,
त्याला ते बघवेना.
बारीक पक्कड आणली, दांडी सरळ केली,
तेलाचा एक थेंब,
आणि चेन होती तशी लावून टाकली.

मी पान दोनशे सहा आठवते आहे.
आमच्या भाषेत क्रांती या अक्षरानं सुरू होते.
दुरुस्तीही.

नोव्हेंबरात सेकोंदो गारील्यो,
मोटार कारखान्याच्या रंगखात्याचा मुकादम,
सकाळच्या ट्रामच्या थांब्यावर.
चार गोळ्या, दोन्ही गुडघ्यांत.
पडला तरी जेवणाचा डबा आडवा होऊ देत नव्हता,
असं एका साक्षीत आहे. ते मी कुठेच वापरलेलं नाही,
कुठल्या प्रकरणात घालावं ते कळलं नाही.

पत्रक दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात पोचलं.
ओरेस्तेनं ते वाचलं नाही, पाहिलं.
सगळी अक्षरं एका रेषेत उभी.
अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून
तो घरी आला.
मग?
‘मग उरलेली दाढी घरी केली.’
पोलिसांकडे?
तो डबीतला बुधवारचा खण उघडतो.
खण रिकामा आहे. तो पुन्हा बंद करतो.
‘एल्वियो वरच्या मजल्यावर होता ना.
रात्री त्याच्या पावलांचा आवाज यायचा.’

मी पत्रकाची झेरॉक्स पुढे सरकवते.
हे नियमात बसत नाही.
तो चष्मा चढवतो, कागद खिडकीकडे धरतो.
‘मी तो वाकडाच ठेवला असता तर?’
गोळ्या झाडल्याच गेल्या असत्या, मी म्हणते.
हे खरं आहे. मी ते आकड्यांनी दाखवू शकते.
तो आकडे मागत नाही.

नखानं त्या एर्रेची उभी रेघ चाचपत राहतो,
जणू धातू अजून कागदाखाली आहे.
‘बसवला मात्र छान होता,’
म्हणतो, आणि मान वर करत नाही.

रेकॉर्डरचा लाल ठिपका चालू.
प्रश्न सहावा. (इ) इतर.
पुढे चार सेंटिमीटर जागा.